दर्शनाच्या जागी

अनंत चतुर्दशीनंतरच्या सकाळी कळव्यात एकदम कान मोकळे होतात. दहा दिवस चाललेले स्पीकर उतरवलेले असतात, मांडवाचे बांबू टेम्पोत भरून गेलेले असतात आणि ते रोवलेल्या जागच्या खड्ड्यांत गढूळ पाणी साचलेलं असतं. पाऊस गेलेला नसतो, पण दुपारचं ऊन असं लागतं की खाडीच्या चिखलाचा उबट, खारट वास थेट आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. कपड्यांच्या दुकानातल्या मुली दारात उभ्या राहून मोबाईल बघतात, कारण पितृपक्षात कुणी नवीन काही घेत नाही. समोरच्या टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटमधला एसी मात्र चालू असतो, बघायला कुणी येत नसलं तरी.

पूर्वी मला हे दिवस आवडायचे. सगळं शहर जरा मागे सरून बसल्यासारखं वाटायचं, आणि लाजऱ्या माणसाला तेवढी जागा पुरते. आता या दिवसांत जिन्यात चपला वाजल्या की मी हातातलं काम थांबवून ऐकत राहते. थांबत थांबत, एकेका पायरीवर दम घेत येणाऱ्या चपला असल्या तर त्या मंदाकाकींच्या.

मंदाकाकी आमच्या घरमालकीण, तळमजल्यावर राहतात. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, आणि खाडीच्या बाजूला आता जिथे गाड्या लावतात तिथे त्यांची मिठागरं होती. काकींचे गुडघे दुखतात. पाण्याच्या टाकीपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळं त्या भाडेकरूंना फोनवर सांगतात. हे एकच आमंत्रण द्यायला त्या दोन मजले चढतात. दारातच उभ्या राहतात, आत येत नाहीत.

"रेवते, सष्टीला जेवाला ये गो. डोक्यावरशी न्हाऊन ये."

"हो काकी."

"आन् भूक ठेवून ये. मागल्या साली चिमनीवानी खाल्लास."

षष्ठी ही दर्शनाची तिथी. दर्शना ही काकींची मुलगी. एकविसाव्या वर्षी तापाने गेली, आम्ही इथे राहायला येण्याच्या आधी. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि लग्न न झालेल्या मुलीचं पितर घालत नाहीत, असं काकींना भटजींनी सांगितलं, दिरांनी सांगितलं, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही सांगितलं. मुलगी माहेरच्या पितरांत मोडत नाही, आणि सासर तर तिला नव्हतंच. काकी म्हणाल्या, मग ती जेवायची कुठे? त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. दर वर्षी षष्ठीला दर्शनाच्या वयाची एक मुलगी बोलवायची, तिला पाटावर बसवायचं, केळीच्या पानावर सगळं वाढायचं. आधी गल्लीतली एक मुलगी जायची. तिचं लग्न झालं, आणि मग मी.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. माझं बालपण आणि शाळा वर्तकनगरला. शाळा इंग्रजी माध्यमाची, इतकी की मधल्या सुट्टीतही मराठी बोललं तर वहीत शेरा मिळायचा. पुढे वर्तकनगरची आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही कळव्याला आलो. बाबा तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञानात एमए करत होते. ते काय असतं, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. मलाही.

"डिकन्स्ट्रक्शन म्हणजे पाडकाम?" बाबांनी एकदा जेवताना विचारलं होतं.

"नाही बाबा. पाडायचं नसतं काही. एखादी गोष्ट उभी राहताना तिने काय काय बाहेर काढून टाकलं, ते बघायचं. जे बाहेर टाकलं त्याच्याच आधाराने ती उभी असते."

बाबांनी आमटीत भात कालवला. "म्हणजे आपली जुनी सोसायटी. जोशांना कमिटीतून काढलं आणि आयुष्यभर त्यांच्याच नावाने मीटिंगा घेतल्या."

आम्ही सगळे हसलो. मला तेव्हा वाटलं, बाबांना कळलं नाही. आता वाटतं, त्या वर्षी आमच्या घरात ज्यांना थोडंफार कळलं होतं ते बाबाच.

आमचे सर वर्गात खडू उचलून दाखवायचे. म्हणायचे, खडू खरोखर आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवा. खडूबद्दल तुम्हाला जे जे माहीत आहे तेही कंसात घाला. आता तो तुम्हाला जसा दिसतोय तसा सांगा, तेवढंच. ही फिनॉमिनॉलॉजी. मी लहानपणापासून कोपऱ्यात उभी राहून बघणारी मुलगी. मला वाटलं, हे शास्त्र माझ्यासाठीच निघालंय. न बोलता बघायचं, आणि त्याला ज्ञान म्हणायचं.

मग सर खडू फिरवायचे. मागची बाजू दिसत होती का? नव्हती. तरी तुम्ही अख्खा खडू पाहिलात म्हणता. म्हणजे जे समोर आहे असं आपण म्हणतो, त्यात समोर नसलेलं आधीच येऊन बसलेलं असतं. इथून ती विरचना, म्हणजे डिकन्स्ट्रक्शन, सुरू होते. शब्द असो, आठवण असो, देव असो, कुठलीच गोष्ट पूर्ण हजर नसते. तिच्यात गैरहजेरीचा माग असतो. पुढे नीतीचा भाग आला. समोरच्या माणसाला मी समजून घेण्याच्या आधीच त्याच्या चेहऱ्याने मला बांधून घेतलेलं असतं, मी त्याला उत्तर देणं लागते, असं एका विचारवंताचं म्हणणं. शेवटी धर्म. सर विचारायचे, धर्मातून बक्षीस काढून टाकलं तर काय उरतं? येईल याची खात्री नाही अशा कुणाची तरी वाट बघणं उरतं का?

मी भराभर लिहून घ्यायचे. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवायचे. चेहऱ्याबद्दलचं अख्खं पान पिवळं केलं होतं.

त्याच भाद्रपदात मी पहिल्यांदा काकींकडे षष्ठीला जेवायला गेले. मी एकवीस वर्षांची होते, म्हणून मला बोलावलं. आई म्हणाली, जा, नाही म्हणू नये. मी अवघडून गेले. फरशीवर पाट, पाटाभोवती बारीक रांगोळी, भिंतीला टेकवलेला दर्शनाचा फोटो. फोटोत ती कुणाच्या तरी लग्नात हसत होती आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता, फोटो कापताना राहून गेलेला. पानावर वरण-भात, वडे, तांदळाची खीर, लाल भोपळ्याची भाजी, गवार, कढी. आणि पानाच्या टोकाला, केळीच्या शिरेला टेकवून, चार शेवपुऱ्या.

"तिना आवडायच्या," काकी म्हणाल्या. "टेशनसमोरच्या भय्याकरशी आनल्यान. नरम झाल्या असतील. खा."

त्या खरोखर नरम झाल्या होत्या. खिरीचा ओघळ त्यांच्याखाली गेला होता. मी खाल्ल्या. काकी समोर बसून बघत होत्या. माझ्याकडे बघत होत्या की माझ्यातून पलीकडे, ते मला सांगता येईना, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात वाक्य जुळायला लागलं. इंग्रजीत. ही मला बघत नाहीये, ही गैरहजेरीला बघते आहे. तोंडात शेवपुरी होती आणि मी वाक्य जुळवत होते. हात धुऊन वर जाताना, जिन्याच्या वळणावर थांबून, मी ते फोनमध्ये टाइप केलं. विसरायला होऊ नये म्हणून.

त्याचा निबंध झाला. सेमिनारमध्ये वाचला. सरांना आवडला. म्हणाले, सगळे पुस्तकातली उदाहरणं देतात, हिने घराखालचं दिलं. कॉलेजच्या वार्षिकात तो छापून आला. मी आयुष्यात पहिल्यांदा भरल्या वर्गात न अडखळता बोलले होते. घरी येताना स्टेशनबाहेर शहाळं घेऊन एकटीनेच प्यायले, इतका आनंद झाला होता.

निबंधात मी काय लिहिलं होतं, ते इथे सरळ लिहिते. मी लिहिलं होतं की एका जुन्या मिठागरी वस्तीतली एक निरक्षर बाई, भोळेपणापोटी, समोर बसलेल्या पाहुणीलाच परत आलेली आपली मुलगी समजते. तिच्या श्रद्धेला हजेरी हवी आहे, आणि गैरहजेरी सहन होत नसल्यामुळे ती एका परक्या शरीराने ती भरून काढते. विरचना आपल्याला हा भाबडेपणा ओलांडायला शिकवते. असं पाच पानं. शेवटच्या पानावर समोरच्याच्या चेहऱ्याबद्दल आणि आपल्या उत्तरदायित्वाबद्दल दोन फार सुंदर परिच्छेद होते.

आईने कौतुकाने खाली सांगितलं, रेवतीने तुमच्यावर लिहिलंय, पुस्तकात छापून आलंय. आईनेही तो वाचला नव्हता. दुसऱ्या दिवशी काकींनी मला हाक मारली.

"मना वाचून दाखव गो. काय लिवलास?"

मी वार्षिक घेऊन खाली गेले. काकी भाजी निवडत होत्या. हात पदराला पुसून त्या माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसल्या. निबंधाचं पहिलं पान उघडलं. मी बोट ओळीवर ठेवलं.

आणि मी खोटं वाचलं.

"यात लिहिलंय," मी म्हणाले, "की मंदाकाकी या फार मोठ्या मनाच्या आहेत." त्या वेळी बोट निरक्षर या अर्थाच्या शब्दाखाली होतं. "त्यांनी आपल्या मुलीची आठवण कधी विझू दिली नाही. त्यांच्या घरात परक्या मुलीलाही लेकीचं पान मिळतं. दर्शना फार गुणी होती. अभ्यासात हुशार होती." दर्शनाला मी कधी पाहिलं नव्हतं. बोट ओळीमागून ओळ सरकवत होते, ओळ संपली की जरा थांबत होते, खऱ्यासारखं. मी इतकं चांगलं खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

काकी रडल्या नाहीत. पान निरखत राहिल्या. मग म्हणाल्या, "दर्शनाचा नाव कुठं हाय?"

मी बोट टेकवलं. डीने सुरू होणारा एक लांब शब्द होता, तोच दाखवला.

"ह्या डी ना? तिचे वह्यांवर असायचा." त्यांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

तो शब्द डिकन्स्ट्रक्शन होता.

त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून लॅमिनेट करून घेतली आणि फोटोशेजारी लावली. पुढच्या षष्ठीला मी पाटावर बसले, तेव्हा दर्शनाच्या कपाळावर गंध होतं, आणि त्या शब्दावरही एक गंधाचं बोट होतं. त्या दिवशी मी चिमणीसारखी जेवले असेन. त्यानंतरच्या दोन वर्षांतही. घास गिळताना समोर माझंच इंग्रजी दिसायचं. त्यातला एक स्वल्पविराम चुकलेला होता आणि मला तोही दिसायचा.

लाज ही फार चमत्कारिक गोष्ट आहे. चूक करताना ती येत नाही. ती नंतर, भलत्याच जागी येते. वागळे इस्टेटमधल्या माझ्या ऑफिसात मी शाळेच्या पुस्तकांची इंग्रजी भाषा तपासते. एकदा तिसरीच्या पुस्तकात 'आपले शेजारी' असा धडा आला, त्यातल्या चित्रात एक बाई भाजी निवडत होती, आणि माझे कान इतके तापले की मी उठून तोंड धुऊन आले. एमएनंतर मी पीएचडीला नाव घातलं नाही. घरी सांगितलं, नोकरी करायची आहे. खरं कारण हे होतं की पुढचं प्रत्येक पान लिहिताना मला खांद्याला लागलेला तो खांदा जाणवला असता.

आणि तरी मी गप्प राहिले. मला लाजरी म्हणतात, आणि लाजरेपणाचा एक फायदा असतो. गप्प राहिलं तरी कुणी कारण विचारत नाही.

गेल्या वर्षी काकींच्या मुलाचं, नितेशचं लग्न झालं. त्याची बायको प्रणाली कल्याणची, ठाण्यात एका ऑफिसात एचआरला आहे. जोरात हसणारी, तोंडावर बोलणारी. लग्नानंतर महिन्याभराने मी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते, ती तिथेच येऊन उभी राहिली.

"रेवती ना तू? ते फोटोजवळचं पेज तुझंय?"

मी मान हलवली.

"मी वाचलंय." एक रिकामी रिक्षा येऊन गेली. "आई रोज डिकन्स्ट्रक्शनला गंध लावतात, माहितीये तुला?" ती हसायला लागली, आणि अर्ध्यात तिचं हसू थांबलं. "सॉरी. हसण्यासारखं नाहीये ते."

"त्यांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? नवीन सून मी. आणि नितेशने तर ते कधी वाचलंही नाही. उलट मलाच वाचायला लावतात. पाव्हणे आले की, प्रणाली, वाच जरा. मी पहिल्यांदा अडकलेच. मग आई स्वतःच बोलायला लागल्या, मोठ्या मनाच्या, आठवण विझू दिली नाही. मग मीही तेच बोलत गेले. आता पाठ झालंय मला." तिने माझ्याकडे बघितलं. "कसं केलंस गं हे? म्हणजे, लिहिलंस ते लिहिलंस. समोर बसून कसं केलंस?"

सर सांगायचे, मूळ संहिता अशी काही नसते, पुन्हा पुन्हा म्हणण्यातच अर्थ तयार होतो. मी हे उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले होते. आता माझ्या थापेला पाठांतर होतं, पाहुणे होते, गंध होतं, एक सून तिची दुसरी वाचक होती. तत्त्वज्ञान कुठेही खोटं पडलं नव्हतं. फक्त ते ऐकायला फार वाईट वाटत होतं.

या वर्षी काकी वर आल्या, तेव्हा नेहमीपेक्षा उत्साहात होत्या.

"यंदा धा वर्सा झाली तिना. नितेश नाक्याव बॅनर लावतंय. मोठा. फोटो तिचा, आन् बाजूला तुझा ता इंग्रजी पान आख्खा. येनारा जानारा वाचल."

आमच्याकडे नाक्यावर बॅनर लागतात. वाढदिवसाचे, पुण्यस्मरणाचे, दहावी पास झाल्याचे. सिग्नलला थांबलेली माणसं दुसरं काही करायला नसतं म्हणून ते वाचतात. कॉलेजची मुलं तर एकमेकांना वाचून दाखवतात, चुका काढतात, फोटो काढून पाठवतात. मी ते पान त्या नाक्यावर, आठ फुटी बॅनरवर, डोळ्यांसमोर आणलं. निरक्षर हा शब्द वीतभर झालेला.

"काकी, ते... इंग्रजी कशाला? मराठीत काहीतरी लिहू ना."

"मराठी सगलेच लिवतान. ह्या वेगला हाय."

संध्याकाळी प्रणालीचा मेसेज आला. नितेशने पान स्कॅनला दिलंय. सोमवारी प्रिंट, अमावस्येपर्यंत नाक्यावर. तू सांगतेस की मी सांगू?

मला इथे एक गोष्ट लपवायची नाही. मी खरं सांगितलं ते त्या बॅनरमुळे. चार वर्षं समोर बसून जेवू घालणाऱ्या बाईसाठी जे मला जमलं नाही, ते नाक्यावरच्या अनोळखी लोकांच्या हसण्याच्या भीतीने जमलं. ते हसणं काकींच्या वाट्याला येईल ही भीती होती. माझ्याही वाट्याला येईल, ही भीती तिच्या आधी आली होती.

बॅनर सोमवारी छापायला जायचा होता आणि षष्ठी रविवारी होती. मी न्हाऊन खाली गेले. पान मांडलेलं होतं, वाढून झालेलं होतं. प्रणाली गॅसजवळ वडे तळत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला.

"बस," काकी म्हणाल्या.

"काकी, आधी मला ते पान वाचायचंय. मी तेव्हा बरोबर वाचलं नव्हतं."

"बरोबर मंजे?"

"जे लिहिलंय ते वाचलं नव्हतं. दुसरंच सांगितलं होतं."

काकींना कळलं नाही. मग कळलं असावं, कारण त्यांनी लॅमिनेट केलेला कागद भिंतीवरून काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मी उभीच होते. त्याही उभ्या राहिल्या. या वेळी खांद्याला खांदा नव्हता, आमच्यामध्ये वाढलेलं पान होतं.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. तत्त्वज्ञानाचे इंग्रजी शब्द सोपे करून सांगायला किती थोडे शब्द लागतात हे मला तेव्हा कळलं, आणि सोपे केल्यावर ते किती उघडे पडतात हेही. "एक निरक्षर बाई," मी म्हणाले.

"कोन निरक्षर?"

"तुम्ही. असं मी लिहिलं होतं."

"मी सातवी पास हाय." काकींचा आवाज चढला. "आमचे आलीन सातवीपरत गेलेली मी पयली पोर. मिठागरावर मजुरांची हजेरी कोन लिवायचा? मी लिवायची. पेपर वाचतंय मी रोज. तू बगतस ना मना पेपर वाचताना?"

मी बघितलं होतं. दुपारी पायरीवर बसून, ओठ हलवत. पण बँकेची इंग्रजी पत्रं काकी आमच्याकडे वाचायला पाठवायच्या, आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. ज्या शाळेत मी शिकले, तिथे इंग्रजी न येणं आणि वाचता न येणं यांत कुणी फरक केला नव्हता. डोळ्यांना दिसतं तेच सांगायचं, असं मी शिकले होते. मला दिसलंच नव्हतं.

"फुरं वाच," काकी म्हणाल्या.

मी वाचलं. भोळेपणापोटी ही आई समोरच्या पाहुणीलाच परत आलेली मुलगी समजते.

प्रणालीने झारा कढईच्या काठावर ठेवला.

"मी कवा बोल्ली, तू दर्शना हायेस?"

"नाही बोललात."

"कवा तुना तिचे नावाना हाक मारली?"

"नाही."

"ती यवाची नाय. मना ठाव नाय का? मीच तिना न्हाऊ घातला, मीच कापड नेसवला." त्यांनी पाटाकडे हात केला. "ती यवाची असती त तुना कशाला बसवला असता गो?"

पाच पानांत मी जे सिद्ध करायला निघाले होते, त्याच्या पलीकडे ही बाई पहिल्या वर्षापासूनच उभी होती. ती कुठलीही हजेरी मागत नव्हती. येणार नाही हे माहीत असलेल्या मुलीसाठी ती पान वाढत होती, धर्माने नको म्हटल्यावरही. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर चार वर्षं वाढलेलं होतं, आणि मी ते खाऊन त्याला भाबडं म्हटलं होतं. पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला फक्त वड्यांचा करपट वास येत होता.

"आन् नाव?" काकींनी बोटाने कागदावरचा गंधाचा डाग दाखवला. "ह्या तिचाच ना?"

मला तोंडाने नाही म्हणता येईना. मी मान हलवली. मग वाटलं, नुसती नकाराची मान हलवून भागणार नाही.

"नाही काकी. तो दुसरा शब्द आहे. तिचं नाव यात कुठेच नाही. मी कुठेच लिहिलं नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. नखाने तो गंधाचा डाग खरवडला. प्लॅस्टिकवरून तो लगेच सुटला. कागद त्यांनी मला परत दिला, चुकून आलेलं पत्र परत द्यावं तसा. नितेशला हाक मारून म्हणाल्या, बॅनरवर फोटो आणि नाव, एवढंच. दुसरं काही नको.

मी निघायला वळले.

"कुठं चाललीस?"

"वर जाते काकी."

"जेवाला बोलावलंय तुना. उपाशी जावाचा नाय या घरातशी." त्यांनी पाटाकडे बघितलं नाही. "पन तिचे जागेव बसू नको. थं, प्रणालीजवल बस."

प्रणालीने स्वयंपाकघरात ओट्याखाली एक वर्तमानपत्र अंथरलं आणि स्टीलचं ताट ठेवलं. त्यात तेच सगळं वाढलं, शेवपुऱ्या सोडून. मी खाली बसले. तिथून बाहेरच्या खोलीतलं पान दिसत होतं. चार वर्षं मी त्या पाटावर बसले, त्याबद्दल लिहिलं, आणि तो मला बाहेरून कधी दिसलाच नव्हता. रांगोळीची एक रेघ माझ्या पायाने विस्कटली होती, ती काकींनी वाकून बोटाने नीट केली. मग त्या पानासमोर बसल्या. पाटावर कुणी नव्हतं. भातातून वाफ येत होती, मग येईनाशी झाली. काकी रडत नव्हत्या, वाट बघितल्यासारख्याही दिसत नव्हत्या. बसल्या होत्या.

प्रणालीने मला दोनदा भात वाढला. मी नको म्हटलं नाही. ताट स्वच्छ केलं, घासून ठेवलं. जाताना दारात थांबले.

दर वर्षी मी निघताना काकी काहीतरी म्हणायच्या. आईला विचारलं सांग, पायरीवर सांभाळ, असलं काही. या वेळी त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, नीट, माझ्याचकडे, आणि पुन्हा पानाकडे वळल्या. पुढच्या षष्ठीचं कुणी काढलं नाही. मी चपला घातल्या आणि आवाज होणार नाही अशा बेताने जिना चढायला लागले.